बर्फातली बाटली

आमच्या बिल्डिंगमध्ये एकोणऐंशी साली एकच फ्रीज होता आणि त्याला कुलूप होतं. कुलूप कंपनीनंच दारात बसवून दिलेलं. पण त्याची किल्ली कमरेला खोचून फिरायची कल्पना मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या अरुणाबाई खरवंडीकरांची. फ्रीज हॉलमध्ये, दार उघडल्यावर पहिला तोच दिसावा असा ठेवलेला. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. त्यांचे यजमान नंदकिशोरराव ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. दोघांचंच बिऱ्हाड, मूलबाळ नाही. घरात शब्द चालायचा तो आधी फ्रीजचा, मग अरुणाबाईंचा, आणि काही उरलाच तर नंदकिशोररावांचा.

बाई वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे. आमरसाला बर्फ मागितला की द्यायच्या. फक्त कुणाच्या आंब्याला किती बर्फ लागावा हे त्या ठरवायच्या.

वाशीत तेव्हा माणसं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. दवाखाना लांब, औषधाचं दुकान त्याहून लांब. त्यामुळे कुणाचं आजारपण सरलं की उरलेलं औषध अरुणाबाईंच्या फ्रीजमध्ये जमा व्हायचं. कुणाच्या खोकल्याची अर्धी बाटली, कुणाच्या कानाचे थेंब. अंडं आत जाऊ शकत नव्हतं, पण परक्याचं मलम जाऊ शकत होतं. पुढे कुणाला काही झालं की बाई किल्ली काढायच्या, दोन बाटल्या उजेडात धरून बघायच्या आणि एक हातात ठेवायच्या. लोक बरेही व्हायचे. बहुतेक आजार आपापलेच बरे होतात, पण श्रेय घ्यायला कुणीतरी लागतंच.

त्यांचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हा गेला होता. त्यावर पांढरं फूल होतं. त्या स्वतःच म्हणायच्या, "देवीनं एक नेला, एक ठेवला. वाटणी झाली, आता तक्रार नाही." राहिलेल्या उजव्या डोळ्यानं त्या गेटवर, जिन्यावर आणि खास करून माझ्या पिशवीवर लक्ष ठेवायच्या. मी मालवणची, मासे आणणारच. बिल्डिंगच्या गेटच्या आत मासे विकायला आणायचे नाहीत हा नियम त्यांनी सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये करून घेतला होता.

म्हणून आमची कोळीण गोजरा गेटबाहेर गुलमोहराखाली माशांचा टोप मांडायची. वाशीतल्याच जुहूगावातली, माझ्याच वयाची, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. गंमत अशी की तिच्या माशांना आत येऊ न देणाऱ्या अरुणाबाईच उन्हाळ्यात रोज तिला फ्रीजमधल्या पाण्याचा तांब्या गेटवर नेऊन द्यायच्या. वरून ओतायच्या, ती ओंजळीनं प्यायची, आणि दोघी भांडायच्या. हा रोजचा कार्यक्रम होता.

त्या मे महिन्यात एक दिवस पाणी पिता पिता गोजरानं मान वर केली आणि म्हणाली, "बाय, तुजा डोला बरा नाय दिसत. दोन दिसांच्या मासलीचा अस्तो तसा झायलाय."

कोळणीची नजर आधी माशाच्या डोळ्यावर जाते. डोळा स्वच्छ तर मासा ताजा, डोळा धुरकट तर शिळा. पण हे माशाला सांगणं वेगळं आणि खरवंडीकरबाईंना सांगणं वेगळं. बाई तांब्या घेऊन तरातरा वर आल्या आणि मला म्हणाल्या, "स्मिता, ती मला शिळी म्हणाली!"

डोळा लाल होता, खुपत होता. बाईंनी निदान केलं : डोळे आलेत. औषध फ्रीजमध्ये होतंच. तळमजल्यावरच्या सुधीरच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यातले उरलेले थेंब. ते त्यांनी घातले. दोन दिवसांत लाली गेली आणि बाई गोजराला वरूनच ओरडून सांगत्या झाल्या, "बघ गं, झाला ताजा!" तिसऱ्या दिवशी त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना. मग त्यांनी थेंब दुप्पट केले. पाचव्या दिवशी नंदकिशोरराव समोर उभे होते आणि त्या विचारत होत्या, "कोण आहे?"

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. एकच डोळा, आणि त्याच्यावर धुकं.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात रंग टाकून निळ्या दिव्यात पाहिलं. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम उमटली होती. म्हणाले, "हे डोळे येणं नाही. हा विषाणू आहे. तापात ओठावर पुळ्या येतात ना, त्याच जातीचा. आणि तुम्ही घातलेत ते स्टिरॉइडचे थेंब. ऑपरेशननंतर ते चांगले, पण इथे त्यांनी विषाणूला रान मोकळं करून दिलं. कुणी दिले?"

"शेजारच्यांनी," बाई म्हणाल्या. मी शेजारीच बसले होते.

डॉक्टरांनी नवे थेंब लिहून दिले. औषधाचं नाव आयडॉक्सयुरिडिन. ते त्यांनी समजावून सांगितलं, कारण बाईंनी समजल्याशिवाय काहीही घ्यायला नकार दिला. म्हणाले, "विषाणू तुमच्या डोळ्यात बसून स्वतःच्या नकला काढत सुटतो. प्रत्येक नकलेला सामान लागतं. हे औषध दिसायला त्या सामानासारखंच, पण खोटं. विषाणू ते खरं समजून वापरतो, आणि पुढची नक्कल मोडकी निघते."

"म्हणजे भेसळ," बाई म्हणाल्या.

"भेसळच म्हणा."

आयुष्यभर दूधवाल्याशी भेसळीवरून भांडलेली बाई, तिचा डोळा आता भेसळीच्या हवाली होता. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. दिवसा दर तासाला एक थेंब, चुकवायचा नाही. आणि बाटली थंड ठेवायची. उन्हाळ्यात बाहेर राहिली तर औषधाचं पाणी होतं. दुकानात शेवटची एकच बाटली मिळाली, पुढचा माल दहा दिवसांनी येणार होता. "थंड ठेवायला काय," बाई म्हणाल्या, "आपल्याकडे फ्रीज आहे." परत येताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट आली होती. मला बरं वाटलं.

दोन दिवस थेंब नीट गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सेक्टरचा ट्रान्स्फॉर्मर धडाम आवाज करून जळाला. दुरुस्तीला तीन-चार दिवस लागतील असं कळलं. फ्रीज हॉलमध्ये उभा होता, रुमाल आणि फुलांसकट, पण आतून कपाट झाला होता. दुपारपर्यंत बर्फाचा कप्पा टपटपायला लागला. नंदकिशोरराव सायकलवर बर्फ शोधून आले. हॉटेलवाल्यांनी सकाळीच सगळा उचलला होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मुठीत धरलेली. म्हणाल्या, "स्मिता, आंधळी झाले तरी मला स्वयंपाक येईल. पण माणसं दिसली नाहीत तर मी भांडू कुणाशी?" हसायला येईल अशा सुरात म्हणाल्या, पण मला हसता आलं नाही.

मी खाली गेले आणि गोजराला सांगितलं. तिच्या टोपात खाली भुसा, वर बर्फ, त्यावर मासे, वर गोणपाट. धक्क्यावरून रोज पहाटे बर्फ यायचा तिचा. तिनं आधी आपला उपाय सांगितला : शेळीच्या दुधाची पट्टी आणि एकवीरेला नवस. मी म्हटलं, नवस कर, दूध राहू दे, बर्फ दे.

टोप डोक्यावर घेऊन ती तडक गेटमधून आत आली. नियम करणाऱ्या बाई वर होत्या आणि त्यांना दिसत नव्हतं.

पण वास येत होता. "गोजरा, तू दारात आहेस?"

"दारात नाय तर काय गेटावर? बर्फ उचलून देल्लू तर घटकाभरात पानी व्हईल. टोपातच ऱ्हाऊं दे बाटली. मी बसतंय इतंच."

"अगं, माशांत?"

"बर्फात. मासली बाजूला करतंय."

बाईंनी आपला स्टीलचा डबा दिला, झाकण दोनदा घट्ट लावून घेतलं. तो डबा बर्फात गेला, पापलेटांच्या शेजारी. दर तासाला मी डबा काढायची, पुसायची, हात धुऊन बाईंच्या डोळ्यात थेंब टाकायची. रात्री गोजरा टोप तसाच उंबऱ्यावर ठेवून जायची आणि पहाटे ताजा बर्फ आणायची. पहिल्याच थेंबाला बाई म्हणाल्या, "औषधाला बोंबलाचा वास येतोय."

"वास माजे हाताचा हाय," गोजरा बाहेरून म्हणाली. "औषदाला नाव नको ठेवू."

गोजरा फेरीला जाणार नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक वर येऊ लागलं. वीज येईपर्यंत, अख्खे तीन दिवस, शुद्ध शाकाहारी खरवंडीकरांच्या उंबऱ्यावर मासळीबाजार भरला. डोळ्यावर फडकं ठेवून बाई आत बसलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी एका बाईला गोजरानं कोलंबीचा भाव सांगितला, तर आतून आवाज आला, "काल कमी सांगितला होतास!" तिसऱ्या दिवशी त्या सुरमईचा भाव पाडून देत होत्या. आयुष्यात कधी खाल्ली नाही ती सुरमई.

मी एकदा गोजराला विचारलं, पुढची फेरी बुडवून इथे का बसतेस? ती म्हणाली, "चार उन्हाले तिचं पानी पिलंय. येवडा तर मी बसनारच."

वीज आली, पुढची बाटली मिळाली, जखम हळूहळू भरली. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर पुसटसा डाग राहील, पण डोळ्यानं दिसेल. विषाणू मात्र मरत नाही, आत झोपून राहतो, जपा. बाईंनी घरी येऊन फ्रीजमधल्या सगळ्या अर्ध्या बाटल्या मोरीत ओतल्या. पुढे डॉक्टरांनी त्यांचे थेंबही बंद केले.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या तांब्या घेऊन गेटवर गेल्या. मी बरोबर होते. गोजरानं पाणी प्यायच्या आधी आपल्या खवल्यांच्या हातानं त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि उजव्या डोळ्यात बराच वेळ बघितलं. बाई हलल्या नाहीत.

"ताजी हाय," गोजरा म्हणाली.

"मग भाव काय लावतेस?"

"तुज्यावानी असली तर इकाला नाय काडत मी. घरात ठेवतंय."

अरुणाबाई पाणी ओतायला लागल्या. धार ओंजळीत पडेना, बाजूला जाऊ लागली. मी म्हटलं, "बाई, दिसतंय ना नीट?"

"दिसतंय गं," त्या म्हणाल्या, "आत्ताच थेंब घातलेत, म्हणून जरा पाणी येतंय."