जाळं फाटतं तिथलं माहेर

माझी नात कोमल पुण्यात कंपनीत कामाला आहे आणि सुट्टी मिळाली की धरणांच्या काठानं मासे धरत हिंडते. धरते आणि सोडून देते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "म्हंजे पोरगी बघायला जायचं, पोहे खायाचे अन् उठून यायचं." ती दरवेळी म्हणायची, "आज्जी, एकदा चल तर." मी टाळायचे. या दिवाळीत मात्र ती म्हणाली, माजलगावच्या धरणावर जायचंय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बी येते."

कारण सांगते. माझं माहेर त्या धरणात आहे. पाणी आलं त्या साली तिकडं घरोघर सामानाची बांधाबांध चाललेली, म्हणून माझं बाळंतपण घाटनांदूरला सासरीच झालं. माहेरचं घर सुटलं तेव्हा मी दहा दिवसांची बाळंतीण. लेक माहेराहून निघाली की उंबऱ्यात तिच्या पदरात तांदूळ-नारळ घालतात, ओटी भरतात. माझी शेवटची ओटी राहिली ती राहिलीच. पुढं चाळीस वर्षं मी त्या पाण्याकडं तोंड केलं नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, कोमल मोबाइलवर उतरवते. मध्येच काही गाळलेलं वाटलं तर समजा, तिथं मी तिची खोड काढली होती.

सकाळी सहाला घाटनांदूरहून निघालो. गाडीत आधी तिचं सामान बसलं, मग उरलेल्या जागेत मी. नळीत घातलेले दोन रॉड, रीळ, घडीची खुर्ची, लांब दांड्याची जाळी, फुगीर जाकिटं. आणि एक पेटी, तिच्या खणाखणांत गळ, शिशाचे मणी, रंगीत रबरी किडे. माझ्या मिसळणाच्या डब्याची बहीणच, फक्त तिच्यातलं काही भाजीत घालायचं नाही. माझं सामान म्हणजे धपाटे आणि शेंगदाणे-गुळाचे लाडू.

"एवढे लाडू कुणाला?"

"माहेरी रिकाम्या हातानं जातेत व्हय गं?"

अंबाजोगाई, धारूर, तेलगाव, मग माजलगाव. थांबत गेलात तर तीन तास धरा. धारूरच्या घाटात घाई करू नका, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वळणावर अख्खा रस्ता घेतात. सीताफळं मात्र तिथंच घ्या. विकणाऱ्या बाईनं रॉडच्या नळीकडं बघून विचारलं, "बंदूक हाय का काय?"

"न्हाई बाई, हौस हाय. बंदुकीला निदान परवाना तरी लागतो."

परवानगी मात्र हौसेलाही लागते. धरणातली मासळी ठेक्यावर असते, न विचारता गळ टाकू नका. कोमलनं आधीच मच्छीमारांना विचारून होडी सांगून ठेवली होती.

धरणाच्या बांधावर चढले. मी आपलं मोठं तळं मनात धरून आले होते. इथं पलीकडचा काठच दिसेना, आभाळ सरळ पाण्यात उतरलेलं. तिनं तिचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, आणि काठाजवळच्या पाण्यावरची चकाकी कुणी फडक्यानं पुसावी तशी गेली. खालचे गोटे दिसले, गोट्यांवरून जाणारी बोटभर मासळी दिसली. मोतीबिंदू काढला तेव्हासुद्धा एवढं लख्ख दिसलं नव्हतं.

होडीवाला बाबू म्हणाला, "मावशी, तुमी काठावरच बसता का?"

"बसायचं असतं तर घरीच बसले असते की!" मी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. त्याचा वल्ह्यावरचा हात थांबला.

"आमी बी तिथलेच. माझा जल्म पुनर्वसनातला, पर गाव तेच. मग तुमाला मावशी कावून म्हनू? आत्या म्हनतो."

"गाव नेमकं कुठं हाय, ठाव हाय का रं?"

"ठाव नसून कसं चालंल, आत्या? जाळं फाटतं तिथं गाव हाय. भिंतीला अडकतंय. आमी तिथं जाळं टाकीतच न्हाई."

तिथं नेऊन त्यानं होडी थांबवली. पाण्यावर कसलीच खूण नाही. कोमलनं दोऱ्याला नुसतं शिसं बांधून तळाला सोडलं, रॉड माझ्या हातात दिला आणि माझं बोट दोऱ्यावर ठेवलं. "हळू ओढ. गाळ असला तर मऊ लागेल, दगड असला तर कळेल."

आधी लोण्यातून बोट फिरवल्यासारखं लागलं. मग टक्. थोडं पुढं, पुन्हा टक्, टक्. एवढ्या पाण्याखालचा दगड केसाएवढ्या दोऱ्यातून माझ्या बोटाच्या पेरापर्यंत आला. कुणाची भिंत ते देव जाणे. आमची नसली तर शेजाऱ्यांची असेल. त्यांच्या ओसरीवर तरी मी कुठं कमी धिंगाणा घातला होता!

मग गळ बांधला. कोमलनं पाकिटातलं वासाचं आमिष लावलं. दोन तास झाले, मासा काही फिरकेना.

"लाडू लाव."

"आज्जी, विरघळेल तो."

"तुझ्या पाकिटानं काय दिवे लावले?"

मी दोन लाडू कुस्करून आधी पाण्यात सोडले. माहेरचा वाटा तो. बाबू म्हणाला, "आत्यानं आवतन धाडलं." उरलेला लाडू कोमलनं धपाट्यात मळून गळाला लावला. थोड्या वेळानं रीळ एकदम किंचाळलं आणि दोरा पळत सुटला.

"भिंतीवर घासून तुटंल!" बाबू ओरडला. कोमल उभी राहिली, रॉडची वाकून कमान झाली. ती दोरा सोडायची, गुंडाळायची, पुन्हा सोडायची. ही पोरगी एवढा दम कुठून शिकली? शेवटी जाळीत तांबूस रोहू आला. एकेक खवला घडवून बसवल्यासारखा.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ, मी मासा खात नाही. पण ती गळ काढून त्याला सोडायला निघाली तेव्हा मी पदर पाण्यात बुडवला. कोरडा हात माशाला लावू नये, हे तिनंच वाटेत शिकवलं होतं. म्हटलं, "आधी इकडं दे."

तिनं तो माझ्या पदरात ठेवला. गार, जड, धडधडणारा. बाबू हळूच म्हणाला, "लई दिसांनी लेक आली. रिकामी कशी जाईल?"

ओटीतलं चिमूटभर माघारी टाकायची रीत आहे, म्हणजे देणाऱ्याचं घर भरलेलं राहतं. मी चिमूटभर कशाला, सगळंच टाकलं. पदर पाण्यात उतरवला. शेपटीचा एक फटका, आणि तो खाली गेला.

घरी आल्यावर सून म्हणाली, लुगड्याला वास येतोय. धुताना पदरात एक खवला निघाला, तो मी कुंकवाच्या करंड्यात ठेवला.

आता हे उतरवताना कोमल विचारतेय, "आज्जी, लोक मला पहिलं हेच विचारतील, मासा किती किलोचा होता?"

सांग त्यांना, तोलला न्हाई. ओटी कुणी तोलतं व्हय?