पक्षद्रोही

"सुरुवात मी नोती केली, वकील साहेब."

काकाजी माझ्या ऑफिसात आले की आधी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर अडकवायचे आणि हे वाक्य बोलायचे. नमस्कार त्यानंतर. एखाद्या दिवशी नमस्कार राहून जाई, वाक्य राहत नसे. कालच फोनवर बोलून झालेलं असलं तरी आज पुन्हा. मीही मान डोलवायचो आणि फाइल उघडायचो.

सौंसरच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करतो आहे. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, मारामाऱ्या, भाऊबंदकी. एवढ्या वर्षांत भांडण सुरू करणारा माणूस मला एकदाही भेटलेला नाही. येतात ते सगळे उत्तर देणारे. सुरू करणारा कुठे राहतो कोण जाणे, निदान सौंसर तहसिलीत तरी राहत नसावा. तुम्हीही आपल्या गल्लीत शोधून पाहा, सापडला तर कळवा.

काकाजींचं गाव रामाकोन्याजवळ. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. शेजारची बाग देवरावची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची. दोघांचा आजा एक, नाक एक, तावातावाने बोलताना उजवा खांदा उडवायची लकबही एक. पेशीच्या, म्हणजे तारखेच्या दिवशी दोघं कोर्टाच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना बसत, आणि नवा शिपाई हमखास एकाला दुसरा समजून हाक मारी. ही चूक दोघांनाही सहन होत नसे.

भांडणाचं मूळ काकाजींच्या मते एका बैलात होतं. देवरावच्या बापाने यांच्या बापाचा बैल हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातला. देवरावचं म्हणणं, बैल कपाशीत शिरला होता. का शिरला? कारण कुंपण ओढलेलं होतं. कुंपण कोणी ओढलं, आणि कशाच्या रागाने? असं मागे मागे जात मी एकदा थेट आपली राजधानी नागपूर होती त्या काळापर्यंत पोचलो आणि नाद सोडला. आमचा मराठी भाग हिंदी राज्यात गेला, राजधानी बदलली, कोर्टाची भाषा बदलली. बैल तेवढा अजून मेला नव्हता. काकाजी म्हणत, तो तांबडा होता. देवराव म्हणे, पांढरा.

बापांच्या माघारी मुलांनी काम पुढे नेलं. पाण्याचे पाट फुटले, रोपांत शेळ्या शिरल्या. मग एका हिवाळ्यात काकाजींच्या बागेतल्या झाडांची साल बुडाशी गोल सोललेली सापडली. अशी साल काढली की संत्र्याचं झाड लगेच मरत नाही. पुढच्या बहाराला उलट भरभरून फुलतं, बघणाऱ्याला वाटतं बाग काय लागली आहे. मग उभ्या उभ्या वाळतं. दुसऱ्या वर्षी देवरावची बागही अशीच भरभरून फुलली.

गाव छोटं, त्यामुळे त्याला मधे उभं राहायला जागा उरली नाही. दोन किराणा दुकानं, दोन गणपती, मोबाइलवर दोन ग्रुप. नव्या सुनेला आधी कोणत्या विहिरीवर जायचं नाही ते सांगत, मग चूल कुठे आहे ते. नळयोजना आली, टाकी बांधून झाली. पण पाइप दोघांच्या शेतांतून जाणार होता आणि पहिली परवानगी कोणी द्यायची हे ठरेना. टाकीच्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. बाया डोक्यावर हंडे घेऊन तिच्याच खालून जात. यावर कोणी काही बोलत नसे, कारण बोललं की कोणत्या तरी एका बाजूचं झालं असतं.

एवढं सोडलं तर काकाजी मोठा गोड माणूस. येताना पिशवीतून संत्री आणत आणि स्वतः सोलून देत. माझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत हे त्यांनी कधी विचारलं नाही असं झालं नाही. कोणाच्या मयतीला, कोणाच्या बाळंतपणाला, गाडी लागो की माणूस, काकाजी पुढे. अर्थात आपल्या बाजूच्या गावात.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना गोटे मारतात हे तुम्हाला ठाऊकच असेल. काकाजींना तो प्रकार अजिबात पसंत नव्हता. "दुश्मनी ना काही, अन् गोटे मारून राहिले. कायले?" असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, निदान संध्याकाळी थांबतात तरी. काकाजी हातातलं संत्रं सोलायचे थांबले.

"हाव," ते म्हणाले. "थांबायचं कवा, ते आमचं ठरलंच नाही."

मग एक दिवस आठवडी बाजारात त्यांच्या मोठ्या मुलाने, सुधाकरने, देवरावच्या थोरल्याचा हात मोडला. त्याचं उत्तर येणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त दिवस माहीत नव्हता. तो काही महिन्यांनी उगवला. काकाजी बसमधून फाट्यावर उतरून एकटे घराकडे निघाले होते, मागून कोणी बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, हाणली. डोक्याला टाके पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातच पोलिसांची रिपोर्ट लिहिली गेली आणि तिच्यात देवरावच्या दोन्ही मुलांची नावं आली.

धाकट्याचं नाव नितेश. त्याला सरकारी नोकरी लागल्यातच जमा होती, पोलिसांची चौकशी तेवढी बाकी होती. त्या दिवशी तो नागपुरात आपल्या खोलीवर होता. हे माझ्यासमोर कोणी बोललं नाही आणि गावात कोणापासून लपलेलंही नव्हतं. आमच्याकडे ही रीत आहे. ज्याने मारलं त्याचं नाव दुसरं, ज्याला नोकरी लागणार त्याचं पहिलं. हाड जुळतं, गेलेली नोकरी जुळत नाही, असा तो हिशेब. सुधाकरने तो मांडला आणि काकाजींनी खाटेवर पडल्या पडल्या मान हलवली.

खटला सरकारचा, सरकारी वकिलाच्या मदतीला फिर्यादीकडून मी. पेशीमागून पेशी झाली. नितेशची नोकरी अडकून पडली. तो येई आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला बापाशेजारी मोबाइलकडे बघत बसे.

काकाजींच्या बयानाचा दिवस आला. सुधाकर चार माणसं घेऊन आला होता. काकाजी कठड्यात उभे राहिले, टोपी हातात. सरकारी वकिलाने विचारलं, कोणी मारलं? त्यांनी सांगितलं, मागून मारलं, दिसलं नाही. सरकारी वकिलाला वाटलं म्हातारा गोंधळला. त्याने रिपोर्ट वाचून दाखवली. यात नितेशचं नाव आहे, तुमचा अंगठा आहे.

"मीच सांगतलं होतं," काकाजी म्हणाले. "तो तिथं नोता."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांना पुन्हा बोलायला लावलं. ते पुन्हा तेच बोलले, थोडं मोठ्याने. आमच्या कोर्टाच्या हिंदीत असा उलटलेला साक्षीदार म्हणजे पक्षद्रोही. तसं लिहून घेतलं गेलं. तीसेक वर्षं आपल्या पक्षाशी एवढी इमानदारी राखलेला दुसरा माणूस त्या इमारतीत नसेल.

बाहेर आल्यावर सुधाकर ओरडला नाही. त्याने मोटरसायकल सुरू केली आणि बापाला तिथेच सोडून निघून गेला. त्याची माणसंही गेली. मी काकाजींना बसस्टँडवर नेऊन बसवलं. का केलंत असं विचारावं असं फार वाटत होतं. त्यांनी माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि बस आली.

घरी त्यांच्याशी बोलणं बंद झालं. आधी लोक म्हणाले, देवरावने विकत घेतला. पण देवरावकडून यांच्याकडे काही आल्याचं दिसेना. मग ठरलं की डोक्याला मार लागला त्याचा हा परिणाम. नागपूरला नेऊन डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरने सांगितलं, मेंदू अगदी ठीक आहे. घरच्यांचा विश्वास बसेना. आजवर या माणसाने पाट फोडले, बागा वाळवल्या, पोरांना काठ्या धरायला शिकवलं, तेव्हा त्याचं डोकं तपासून घ्यावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तो एकदा खरं बोलला तर सगळं घर काळजीत पडलं.

शेवटी त्यांना जामसांवलीला नेलं. तिथल्या मारुतीवर आमच्या भागाची मोठी श्रद्धा. ज्याच्या अंगात काही शिरलं आहे असं घरच्यांना वाटतं, त्याला तिथे आणून ठेवतात. काकाजींच्या अंगात काय शिरलं ते नक्की सांगता येत नव्हतं, पण ते बाहेर काढायला हवं यावर एकमत होतं. काकींना सोबत देऊन त्यांना तिथल्या एका खोलीत ठेवलं.

त्याच आठवड्यात देवराव माझ्याकडे आला. विरुद्ध बाजूचा माणूस माझ्या पायऱ्या पहिल्यांदाच चढला. आभार मानायला आला असेल असं मला वाटलं. तो खुर्चीच्या टोकावर बसून हळूच म्हणाला, वकील साहेब, तुम्ही त्याचं काम पाहता, खरं सांगा, त्याचा डाव काय आहे? मी सांगितलं, काही डाव नाही. तो हसला, मला सगळं समजतं अशा अर्थाने. जाताना सांगून गेला की बागेत कॅमेरे बसवून घेतले आहेत आणि राखणदारही वाढवले आहेत. ज्या वर्षी काकाजींनी वैर सोडलं, त्या वर्षी देवरावची झोप पुरती उडाली.

मी एका शनिवारी जामसांवलीला गेलो. दर्शनाची गर्दी होती. काकाजी धर्मशाळेच्या ओट्यावर लसूण सोलत होते, काकी आत चहा ठेवत होत्या. ते हडकले होते, पण चेहरा झोप पुरी झालेल्या माणसासारखा. मला बघून आधी नमस्कार केला. चहा झाला आणि मी शेवटी विचारलं, काकाजी, असं का केलंत?

त्यांनी हातातला लसणाचा गड्डा संपवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मले कोणीच दिसलं नोतं. मी घरच्याइले म्हटलं, नितेश होता. मंग दवाखान्यात पोलिसाले म्हटलं. मंग पावण्याइले सांगतलं, तुम्हाले सांगतलं. सांगता सांगता तो मले खरंच दिसाले लागला, वकील साहेब. निळा शर्ट, हातात उभारी. बयानाच्या दिवशी तो बाहेर नळावर पाणी पिऊन राहिला होता. मी त्याचा हात पाह्यला, अन् मले वाटलं, याच हातानं मारलं. मंग मी घाबरलो."

"कशाला घाबरलात?"

"मले तो बैल आठवला. तांबडा, एक शिंग वाकलेलं. माझा बाप त्याच्यामांगं धावून राहिला, धोतर सुटलेलं, लोकं हासून राहिले. सारं मले डोळ्यानं दिसते." त्यांनी लसणाची टरफलं मुठीत गोळा केली. "अन् मी तर त्यावक्ती जन्मलोच नोतो."

 मंडपाकडून कोणा बाईचा घुमण्याचा आवाज येत होता. काकाजींनी तिकडे पाहिलं आणि म्हणाले, बिचारीची सासू आज तिला नेणार होती, नेते का पाहा.

थोरल्या भावासोबत नितेशही सुटला. त्याला नोकरीवर घेतलं आणि लांब कुठेतरी पाठवलं. काकाजीही घरी आले, म्हणजे घराऐवजी बागेतल्या खोलीत. आल्या आल्या त्यांनी नळाच्या पाइपला आपल्याकडून परवानगी देऊन टाकली. पण सुधाकरने मधल्या काळात शेत आपल्या नावावर करून घेतलं होतं, तेव्हा तिचा काही उपयोग झाला नाही. काकाजी त्यावर कोणाशी भांडले नाहीत. सकाळी उठून टाकीखालून जाणाऱ्या बायांच्या डोक्यावर हंडे चढवून द्यायला उभे राहायचे. दोन्ही बाजूंच्या बायांच्या. काही जणी घेत ती मदत, काही जणी हंडा खाली ठेवून ते जाईपर्यंत थांबत.

या वैशाखात ते गेले. झोपेतच गेले. मी मयतीला गेलो होतो, आणि आता पस्तावतो आहे.

कारण त्या दिवसापासून सुधाकर मला सोडत नाही. देवरावने काकाजींवर करणी केली, त्याशिवाय असा कडक माणूस कोर्टात फिरला नसता, असं त्याचं म्हणणं. काकाजींनी दिलेली माफी हा आता देवरावचा सगळ्यात मोठा गुन्हा ठरला आहे. वर मयतीच्या दिवशी तो आपलं काम नीट झालं की नाही हे बघायलाच वाटेवर उभा होता, यावर केस करायची आहे. देवरावची मुलंही दुसऱ्या वकिलाकडे जाऊन आली. त्यांचा बाप तिरडीला खांदा द्यायला पुढे आला तेव्हा सुधाकरने साऱ्या गावादेखत हात आडवा धरला, हा अपमान त्यांना सोसवत नाही. दोन्हीकडचे मला सांगतात, तुम्ही तिथे होतात, तुम्ही काय पाहिलं ते बोला.

मी पाहिलं ते एवढंच. हात आडवा आल्यावर देवराव मागे सरला आणि आपल्या धुऱ्याशी जाऊन उभा राहिला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या. भर दुपार होती, माती तापलेली. लोक पुढे गेले, तिरडी नदीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो म्हातारा तिथेच उभा होता, चटका बसला की एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत.