महादूच्या गाडीवरची खोली

अर्धा टन म्हणजे अर्धा टन, असं महादू एकोणीस वर्षं सांगत आलेला. त्याची पिकअप पाचशे किलोची. त्यावर आंब्याची एक पेटी जास्त ठेवायची म्हटली, तर ब्रह्मदेव आला तरी तो चावी फिरवायचा नाही. बागायतदार शिव्या घालत. त्याच्या गावचे, तोंडवलीतले लोक चिडवत, "मेल्या, एका पेटयेन काय गाडी बसतली?" महादू ढिम्म. हेकट माणूस, दुसरं काय! पण त्याच्या गाडीनं कधी कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही, हेही तेवढंच खरं.

अशा माणसाच्या गाडीवर सुदेशनं खोली चढवली. सुदेश त्याचा सख्खा धाकटा भाऊ, किनाऱ्यावर पर्यटकांची राहण्याची सोय करणारा. हल्लीच्या पाहुण्यांना चाकांवरचं घर हवं असतं, म्हणून त्यानं एक कॅम्पर बांधून घेतला. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि पिकअपच्या हौद्यात नेमकं बसेल असं बूड.

"वजन किती?" महादूचा पहिला प्रश्न.

"साडेचारशे, दादा. पाण्यासकट."

"काट्यार घालूया."

"घालूया मरे. आधी गाऱ्हाणा तरी घाल!"

नवा धंदा देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसा सुरू होणार? गावच्या राखणदार देवाच्या झाडाखाली नारळ ठेवून महादूनंच गाऱ्हाणं घातलं, घरातला थोरला तो. "बा देवा म्हाराजा, ही साडेचारशे किलोची खोली आज तुझ्या लेकरांनी गाडयेर चढवली हा, तिका घाटावाटात सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" भावकीतली दहा-बारा माणसं एका सुरात ओरडली, सुदेश सगळ्यांत मोठ्यानं. महादूची बायको लीला मागे उभी होती, तीही म्हणाली.

आता जे वजन देवाच्या कानावर घातलं, ज्याला भावकीनं व्हय म्हटलं, ते परत काट्यावर न्यायचं? म्हणजे भावावर संशय आणि देवावरही! महादूला ती कल्पनाच लाजिरवाणी वाटली. तिथेच तो चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंबोलीला निघाला. मागच्या स्प्रिंगचे पाटे वजनानं सपाट झालेले, पुढची चाकं रस्त्यावर हलकी लागत होती. गाडी घाट पहिल्या गिअरमध्ये रडत चढली. पुण्याचे पाहुणे आपल्या मोटारीनं आले, रात्रभर खोलीत राहिले, फोटो काढले आणि परस्पर कोल्हापूरला गेले. महादू एकटा उतरू लागला. चौथ्या वळणावर जळका वास आला. पाचव्यावर ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं. समोर दरी. त्यानं गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत गटारात घातली. मग तासभर तो तिथेच दगडावर बसून राहिला.

सावंतवाडीहून मेकॅनिक आला, ब्रेक चालते झाले. पण महादू थेट घरी गेला नाही. कुडाळजवळ हायवेवर वजनकाटा आहे, तिथे त्यानं गाडी चढवली.

काट्यावरचा ओळखीचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "हीच ती खोली ना? हिचं वजन झालंय की गणपतीआधी, मोठ्या टेम्पोतून आणली होती तेव्हा. आठशे नव्वद. पावती तुमच्या भावानंच नेली."

म्हणजे सुदेशला आधीपासून ठाऊक होतं. गाऱ्हाण्याच्या कितीतरी आधी. शिरा पडो त्याच्या तोंडार!

सुदेश त्याच्या घराच्या अंगणातच भेटला. महादूनं विचारलं तर हसला. "दादा, पोचलंस मरे सुखरूप! खरा सांगलं असतंय तर तू खोली चढवूक दिलं असतंस?"

"आणि देवासमोर व्हय म्हटलंस ता?"

"ता सगळेच म्हणतत रे."

महादूनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. ज्याला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, त्याला काय मारायचं? तो घरी आला. लीला मागच्या दारी बसून बांगडे साफ करत होती. तिच्यासमोर तो मटकन खाली बसला.

"सुदेशान माका फसवल्यान गो. सख्ख्या भावान! तुका म्हायत आसा, ती खोली किती किलोची?"

"आठशे नव्वद," लीला बोलून गेली.

महादूनं अजून आकडा उच्चारलाच नव्हता.

"तुका कोणी सांगल्यान?"

लीलाचा विळीवरचा हात थांबला. "सगळ्यांकाच म्हायत होता," ती खाली बघत म्हणाली. "सुदेश म्हणालो, दादाक सांगा नको, तो हट्ट धरून बसतलो. माका वाटला, थोडा जास्त वजन, काय होता..."

"भावकीत सगळ्यांका?"

तिनं मान डोलावली.

"आणि त्या सकाळी माका डबो भरून दिलंस," महादू म्हणाला.

लीलाला रडू फुटलं. पाण्याची बादली तिच्यापासून लांब होती. एरवी त्यानं ती उचलून जवळ ठेवली असती. आज तो उठला आणि तिला ओलांडून आत गेला.