झुंबरबाईच्या चहातले जीव

लोणावळ्याहून कुरवंड्याला जाणाऱ्या वाटेवर झुंबरबाईचं चहाचं खोपट होतं. बाई हाताची गोड आणि जिभेची तिखट. चहाबरोबर बोलणी फुकट मिळत. १९२२च्या उन्हाळ्यात तिला नवंच वेड लागलं. नारूचा तपास करायला आलेला एक डॉक्टर जाताना तिच्या हाती भिंग ठेवून गेला.

नारू म्हणजे पायातून सुतासारखा निघणारा हातभर लांब किडा. गावात घरटी एकाला तरी तो असायचाच. लोक त्याला देवीचा कोप म्हणत. झुंबरबाई मात्र बशीत विहिरीचं पाणी घ्यायची, वर भिंग धरायची आणि गिऱ्हाइकाची मान धरून खाली वाकवायची.

"बघा! पांढरा ठिपका उड्या मारतोय न्हवं? पायऱ्या उतरताना नारूवाला पाय इहिरीत बुडला की नारूची पिल्लं पाण्यात सुटत्यात. ती शिरत्यात ह्या ठिपक्याच्या पोटात, अन् ठिपका तुमच्या पोटात! वरसानं नारू पायातनं भाईर. दुहेरी फडक्यानं पाणी गाळा, सुटलात!"

लोकांनी माना डोलावल्या. पण माळकरी कोंडाजीनं हातातली बशी खाली ठेवली.

"म्हंजी हे जीव उकळून तू आमास्नी पाजतीस? गळ्यात माळ हाय माझ्या. हे तर मटणच झालं की!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कोंडाजी उठला तसं सगळं गाव उठलं. चार दिवस खोपटाकडं कुणी फिरकलं नाही. धंदा बसल्याचं दुःख होतंच, पण बाईचा जीव दुसऱ्याच गोष्टीनं जळत होता. तिचा नवरा गेणू नारूनंच गेला होता. ओढताना किडा तुटला, पाय सडला आणि माणूस हातचा गेला. आता कुठं कारण कळलं होतं, तर गाव मटणावर अडून बसलं होतं. तिला रडूही येई आणि संतापही.

पाचव्या दिवशी पदर खोचून ती कोंडाजीच्या अंगणात शिरली. तो पाय पसरून, बाहेर आलेला नारू काडीला गुंडाळत बसला होता. शेजारचा तांब्या त्यानं तोंडाला लावला.

"थांबा भाऊ! माझ्या चहातलं जीव निदान मेल्यालं तरी असत्यात. ह्या तांब्यातलं जित्तं हाईत. पन्नास वर्सं तुमी जित्तं जीव गिळताय!"

कोंडाजीनं तोंडातला घोट अंगणात थुंकला.

दुसऱ्या दिवसापासून तो पागोट्याची चौपदरी घडी घेऊन लंगडत विहिरीवर हजर. गाळल्याशिवाय एक घागर पुढं जाऊ देईना. गाळलेले जीव परत विहिरीत सोडायचे की नाहीत, यावरून त्याचं आणि झुंबरबाईचं रोज भांडण व्हायचं. गाळणं मात्र थांबलं नाही.

पुढच्या वैशाखात गावात नारू निघाला नाही. कोंडाजी खोपटात बसून चारचौघांना सांगत होता, "जीव खाल्ल्याचं पाप व्हतं ते. ठिपका न् पिल्लं कशाची आलीत! मी पाप थांबवलं, नारू गेला."

झुंबरबाईनं भिंगाकडं हात नेला. मग त्याच्या धडधाकट पायांकडं पाहिलं आणि हात आवरला.

"व्हय भाऊ, पापच," ती म्हणाली. "आणिक एक बशी वतू?"