डुकराचं मटण, पावटे घालून
बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांनी एका हातानं नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हातानं माझ्या गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. विचारलं नाही. चपलांसकट सरळ स्वयंपाकघरात आले होते.

"डुक्कर हाय व्हय हे?"

शेजारी माझी आई उभी होती. हातात पळी. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

"सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. ही बिल्डिंग हाय, वस्ती न्हाय. आत्ताच्या आत्ता बाहेर टाका."

मी म्हणाले, "टाक, आई."

आईनं पदरानं पातेलं धरलं. लिफ्टकडं निघाली तर काका म्हणाले, "लिफ्टमधनं नको. वास ऱ्हातोय."

चार मजले जिन्यानं उतरली ती. सत्तरीला आलेली बाई, गरम पातेलं घेऊन. मी दारात उभी राहून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. मागनं गेले नाही.

आम्ही वडार. आईनं जन्मभर कागलकडच्या खाणीत दगड फोडले. मी नर्स झाले, कोल्हापुरात एका खाजगी दवाखान्यात लागले, मंगळवार पेठेत भाड्यानं फ्लॅट घेतला. दारावर पाटी लावली नाही. आडनाव कळलं असतं. सगळ्यांसाठी मी नुसती सिस्टर. सेक्रेटरी काकांचं बीपी दर शनिवारी मीच बघायची.

त्या वेळी टायफॉइडमधून उठले होते. स्वयंपाक होत नव्हता. म्हणून आई आली होती. कागलच्या वस्तीतल्या मामाच्या दुकानातलं मटण आणि घरचे वाळवलेले पावटे घेऊन. पोरीच्या अंगात ताकद यावी एवढंच तिच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती परत गेली. निघताना माणूस 'येते' म्हणतं. ती म्हणाली, "जाते."

तीन महिने गेले. वरच्या मजल्यावरचा निखिल परदेशातनं शिकून आला. आईबापाचा एकुलता एक. चांगला पोरगा, नाव ठेवायला जागा नाही. त्यानं एका रविवारी दुपारी सगळ्या बिल्डिंगला गच्चीवर जेवायला बोलावलं. स्वतः रांधलं होतं. जाड लोखंडी भांडं, त्यात राजमा आणि डुक्कर. तो डुक्कर म्हणाला नाही. पोर्क म्हणाला.

"तिकडं थंडीत घरोघरी करतात हे. तीन तास मंद आचेवर ठेवायचं. घाई केली की गेलं."

शाकाहारी लोकांसाठी पनीर वेगळं होतं. पण निम्मी बिल्डिंग त्या भांड्याभोवती. त्याची आई प्रत्येकाच्या ताटात वाढत होती. "माझ्या पोरानं केलंय," म्हणत होती. आणि सेक्रेटरी काका ताट पुढं करून उभे.

"वाढ रे निख्या आणखी. हाडाचं बघ की एखादं."

मला राग यायला पाहिजे होता. राग आला असता तर बरं झालं असतं. आला तो हेवा. काकांचा नाही, त्या पोराचा हेवा. त्याच्या भांड्याचा वास खाली रस्त्यापर्यंत जात होता आणि तो एकदाही इकडंतिकडं बघत नव्हता. शिजवताना त्यानं खिडकी लावली नसेल. माझ्यासारखी उदबत्ती पेटवली नसेल. आणि त्याच्या आईचा चेहरा. तो चेहरा मला पाहिजे होता. माझ्या आईसाठी. ओरबाडून घ्यावा असं वाटलं.

तेवढ्यात निखिल माझ्याजवळ आला. "ताई, तुम्ही खाता का पोर्क?"

दोन-चार माना वळल्या. काकांची पण.

"न्हाय," मी म्हणाले. "कधीच न्हाय."

त्यानं आदबीनं माझ्या ताटात पनीर वाढलं. मी ते खाल्लं. सगळं. ताट पुसून.

पुढच्या सुट्टीला कागलला गेले. आई दारात बसून लसूण सोलत होती. मी गच्चीवरचं सगळं सांगितलं, काकांना चार शिव्या घातल्या. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"त्यो परका माणूस. त्येच्या सांगण्यानं मी जागची हलली नसती. तू म्हणालीस टाक. म्हणून टाकलं."

मी तिच्याशेजारी बसून लसूण सोलायला घेतला. मग मी म्हणाले, "चल माझ्यासंगं. तिथंच करू."

"मी न्हाय त्या बिल्डिंगीत पाय ठेवायची. तुला करायचं तर तू कर. काय घालायचं ते सांगते."

मामाच्या दुकानात गेले. मामा हसत म्हणाला, "तुमच्या पेठेतला एक पोरगा आलता की. परदेशातला. पाच किलो घेऊन गेला."

रविवारी सकाळी दार सताड उघडलं. खिडक्या पण. कातडीसकट तुकडे गॅसवर भाजले, केस खरवडले, धुतले. तेल घातलं नाही, त्याच्याच चरबीत कांदा परतला. भाजलेलं खोबरं, तीळ, घरची चटणी. रात्रभर भिजवलेले पावटे. झाकणात पाणी ठेवलं आणि आच बारीक केली. दहा वर्षं मी स्वतः हे घरात शिजवलं नव्हतं.

दीड तासानं काका आले. उंबऱ्यावर मी आडवी उभी राहिले.

"सिस्टर, परत? एकदा सांगितलेलं कळत न्हाय?"

"गच्चीवर तुम्ही दोनदा वाढून घेतलं."

"ते वेगळं. ते परदेशी हाय."

"डुक्कर कागलचं हुतं. माझ्या मामाच्या दुकानातलं. जावा, इचारा निखिलला."

पोटात काय गेलं ते आत्ता कळल्यासारखा त्यांचा हात पोटावर गेला. मग आवाज चढला. "अकरा महिन्यांचा करार हाय तुमचा. मालकाला फोन लावू?"

"लावा. आणि सांगा, भाडेकरू वडार हाय म्हणून. करारावर आडनाव हाय, पण त्यास्नी उमगलं नसंल."

ते जिना उतरून गेले. आवाज ऐकून निखिल खाली आला होता. वासानं चेहरा फुललेला. "भारी वास येतोय, ताई. कसं केलं? मला शिकवाल?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्याचा काही दोष नव्हता. मला माहीत आहे. तरी नाही सांगितलं.

एकटीच जेवले. मीठ थोडं कमी पडलं होतं. आईच्या हाताचं ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा भरून कागलला नेला. तिनं एक घास खाल्ला, "पावटं कच्चं ऱ्हायलं," म्हणाली आणि बाकीचं जेवली. बिल्डिंगीत येते असं काही म्हणाली नाही. मी पण परत चल म्हटलं नाही.

मालकाचा फोन आला. करार संपला की फ्लॅट सोडा म्हणाले. सोडीन. एक दिवस आधी नाही. तोवर दर रविवारी शिजेल, दार उघडं ठेवून. हेवा गेलेला नाही. निखिल जिन्यात हसला की अजून जागा होतो. हेवा जाऊ नये असंच वाटतं, तो गेला तर मी पुन्हा गप बसेन.

आता घरं बघतेय. भाडं किती हे विचारायच्या आधी सांगते, मी वडाराची आहे, माझ्या घरात डुक्कर शिजतं. आत्तापर्यंत तिघांनी दार लावलं. चौथ्याच्या दारात उद्या उभी राहणार आहे. हेच सांगणार आहे.