परीची आई

निर्मला आपल्या मुलीच्या दोन्ही पायांत घुंगरं बांधून ठेवायची. नाजूक पैंजण नव्हेत, चांगली खणखणीत घुंगरं. नागपूरच्या धंतोलीतल्या मुलांच्या दवाखान्यात माझ्या चार महिन्यांच्या अर्णवशेजारी मी बसले होते, तेव्हा पलीकडच्या खाटेवरून तो आवाज सारखा यायचा. आजारी मुलांत हे काय, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं.

"रडली तं आयकू येत नाही ना वं ताई," ती म्हणाली. "गळ्यात नळी हाय, आवाज निंगत नाही. पाय आपटले का मले समजते."

परी दीड वर्षाची होती. जन्मल्यावर बरेच दिवस मशीनच्या श्वासावर राहिल्यामुळे तिची श्वासनलिका आतून आकसली होती. म्हणून गळ्याला छेद देऊन तिथं एक छोटी नळी बसवली होती. श्वास तिच्यातूनच. अर्णवचंही तेच झालं होतं. आदल्याच दिवशी त्याला नळी बसवली होती आणि तो तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी काढून, अगदी निःशब्द रडत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

निर्मला सावनेरजवळच्या खेड्यातली. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला, शिक्षण आठवीपर्यंत. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण नळीतला कफ कसा ओढायचा हे मला तिनं शिकवलं. सिस्टरनं सांगितलेले सेकंद माझे भीतीनं चुकायचे. निर्मला म्हणाली, "मोजू नोको. आपला दम धरून ठेव. तुले जीव घाबरल्यासारखा झाला का समज, त्यालेबी झाला. मंग सोड." ते कधी चुकलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अर्णवची नळी कफानं बंद झाली. बघता बघता ओठ निळे पडले. मी "सिस्टर, सिस्टर" ओरडत दाराकडे धावले. मागं वळले तेव्हा निर्मलानं त्याच्या गळ्याची फीत कापून जुनी नळी काढली होती आणि उशाशी ठेवलेली नवी आत सरकवत होती. सिस्टर पोचेपर्यंत त्याचे ओठ लाल झाले होते.

"लेकराले सोडून कोठी पयाली वं?" ती माझ्यावर खेकसली. "दारात काय हाय?" मग बाहेरच्या वऱ्हांड्यात जाऊन ती ओकली. तोंड धुऊन आली आणि परीच्या खाटेशी बसली. त्याबद्दल पुन्हा बोलली नाही.

ती कुणाला भ्यायची नाही, फक्त सर्दीला भ्यायची. "लोकायची सर्दी, आपल्या लेकरायचं मरन," म्हणायची. घरी गेल्यावर तिनं शिंकणाऱ्या नणंदेला अंगणातूनच परत पाठवलं. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नाही. गावात तिला घमेंडी म्हणायचे. "म्हनू दे," ती मला फोनवर सांगायची. "परी हाय ना."

थंडीत ती परीच्या तपासणीसाठी नागपूरला आली आणि दवाखान्यातून आमच्याकडे येते म्हणाली. त्या सकाळी अर्णव दोनदा शिंकला होता. नाक किंचित वाहत होतं. मी तिला फोन करून सांगायला हवं होतं. पण कितीतरी महिने माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. माझं दुखणं कळणारं दुसरं माणूसही नव्हतं. मी त्याचं नाक पुसलं आणि दार उघडलं.

दोन्ही मुलं एका चादरीवर बसली. अर्णवनं परीच्या हातातलं बिस्कीट ओढलं, तिनं ते परत ओढलं. परी हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. निर्मला दोन तास थांबली.

चौथ्या दिवशी परीला ताप भरला. त्याच दवाखान्यात आणलं, पण कफ फुप्फुसात उतरला होता. नवव्या दिवशी परी गेली.

महिन्यानं अर्णवला नवऱ्यापाशी ठेवून मी तिच्या गावी गेले. तिच्या घरच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मले दिसलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या नाकपुडीले लागलं होतं. बसल्या बसल्याच दिसलं."

"मग उठली का नाहीस?"

"ती कोन्या लेकरासंगं पयल्यांदा खेळून राहिली होती वं. काहून उठू?" सोललेली पाकळी ताटलीत टाकत म्हणाली, "तू नाही सांगतलं अन् मी नाही उठली. आता हे कोनापाशी बोलू नोको. घरी जा, लेकरू एकटं हाय."

पुढच्या वर्षी अर्णवची नळी निघाली. छेद भरला, आवाज फुटला. मी तिला फोन केला. "बरं झालं, ताई. लय बरं झालं," ती म्हणाली. खरंच आनंदानं म्हणाली. माझ्या मागं अर्णव काहीतरी मागत होता, मोठ्यानं.

"थो अर्णवच ना?"

"हो."

"चांगला बोलते." ती म्हणाली. "ताई, राग नोको मानू. आता फोन नोको करत जाऊ. मले आयकवत नाही."

त्यानंतर मी केला नाही.