च्यु-श्या मावशीने केस धुतले नाहीत

चियाई शहराच्या मंडईमागे च्यु-श्या मावशीचं केस धुण्याचं दुकान आहे. खुर्च्या दोनच, पण त्यांवर बसून अख्ख्या गल्लीने आपली गाऱ्हाणी सांगितली आहेत. बाई आरशासमोर ताठ बसते, मावशी तिच्या डोक्यावर फेसाचा डोंगर रचते, आणि टाळूवर बोटं फिरू लागली की भल्याभल्यांच्या जिभा सुटतात. मावशीची तर कधी बांधलेलीच नव्हती. सासवांना, सुनांना ती फुकट सल्ले देई, आणि कुणी ऐकलं नाही तर पुढच्या वेळी पाणी जरा गारच सोडी.

गेल्या वर्षी महिला केंद्रातल्या एक बाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "मावशी, डोक्यावरची टेंगळं तुमच्याइतकी कुणाला दिसत नाहीत. बाई एकटी असताना विचारा. जखम ताजी असेल तर धुऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांचा दाखला कोर्टात लागतो."

"मी डोकी धुते बाई, पोलिसात नाही," मावशी फणकारली. पण ऐकलं मात्र सगळं कान देऊन.

कारण पेइ-जुंग तिच्या डोळ्यांसमोर होती. फळवाल्यांची सून, दर आठवड्याला येणारी हसरी पोर. तिच्या कानामागे टेंगूळ होतं. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. पुढच्या खेपेलाही कपाटच. दुकानात कुणी नाहीसं पाहून मावशीने विचारलं, "हे तुझं कपाट दारू पितं का गं?" पेइ-जुंग हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. कुणाला सांगू नका म्हणाली. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली, आणि ती तिला फार जड गेली.

चांद्र नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केस धुतले तर नशीब वाहून जातं म्हणतात, म्हणून दुकान बंद होतं. मावशी दुकानामागच्या स्वयंपाकघरात मुळ्याच्या वड्या तळत असताना मागचं दार वाजलं. दारात पेइ-जुंग. अंगात नवं लाल जाकीट, आणि केसांतून मानेवर ओघळलेलं रक्त.

"मावशी, तेवढं डोकं धुऊन द्या. दुपारी पाहुणे यायचेत, असं ध्यान घेऊन परत कशी जाऊ?"

"परत? अगं, आईकडे जा ना!"

"केला होता फोन. डोकं फुटलंय हे नाही सांगितलं, भांडण झालं म्हटलं. म्हणाली, पहिल्या दिवशी आलेली लेक माहेराची बरकत खाते. उद्या ये, सगळ्या लेकी येतात तशी."

मावशीने तिला खुर्चीत बसवलं. हात सवयीने शाम्पूकडे गेला. रडत आलेल्या बाईवर तिला एकच इलाज ठाऊक होता, गरम पाणी. बाटली उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

"नाही धुणार."

"नशिबाला भिता होय मावशी?"

"नशिबाला घाल चुलीत! हे डॉक्टरांना दिसलं पाहिजे." तिने मोबाईल पुढे केला. "एक-एक-तीन लाव, मार खाणाऱ्या बायकांच्या मदतीचा नंबर आहे. सणालाही उचलतात. घर सोडच असं कुणी म्हणणार नाही. विचारायचं ते विचार, ठरव तुझं तू."

पेइ-जुंगने मोबाईल घेतला आणि नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी आधी एवढंच विचारलं, "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना?" लग्न झाल्यापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे बोलली.

मावशीने तिला दवाखान्यात नेलं; टाके पडले, दाखला झाला. मदतीला आलेल्या सरकारी ताईंनी समजावलं, की नवऱ्याने जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम मिळतो, आणि राहायची सोयही आहे. पेइ-जुंग पुटपुटली, "पण पाहुणे... मी घरीच जाते." मावशीच्या जिभेवर सगळे सल्ले आले होते, ते तिने गिळले. फक्त म्हणाली, "आईला खरं सांगू का?"

पेइ-जुंगने होकाराची मान हलवली. मावशीने तिच्या आईला फोन लावला, "मंडईजवळच्या दवाखान्यात आहोत, तुमच्या पोरीच्या डोक्याला टाके पडलेत," म्हणाली. पलीकडून फोन कट झाला.

"ठेवला बाईने," मावशी चिडून म्हणाली.

बऱ्याच वेळाने आई आली. अंगात स्वयंपाकाचा एप्रन, पायात घरातल्या सपाता. पट्टी बघून ती तशीच पुढे आली. तिने लेकीचा हात धरला. "चल घरी."

"आई, आज पहिला दिवस. घराचं वाईट होईल."

"माझी पोर मार खाऊन बसलीय," आई म्हणाली, "आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"